‘कोवाई’ म्हणाली आई

निरोप स्टुडिओत इनुइने आणला, तोही तोंडात अर्धा भाताचा गोळा कोंबून.

"मित्सुए, गावाहून तुझ्या आईचा फोन आला होता. तू आत गात होतीस, म्हणून मीच घेतला."

"काय म्हणाली?"

"‘कोवाई’ म्हणाल्या. दोनदा. मग फोन कट झाला."

इनुइ गिटारवाला, अस्सल टोकियोचा. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. म्हाताऱ्या बायका कशालाही घाबरतात. पण मित्सुए आईला ओळखत होती. कोवाई. भीती वाटते. आई भूकंपाला घाबरली नव्हती, बाबा गेल्यावर डोंगराखालच्या त्या घरात एकटी राहायला घाबरली नव्हती. आता कशाला घाबरली?

आणि मित्सुएची लेक चिका आईपाशी होती. नुकती रांगायला लागलेली चिका.

आईच्या दारात पाण्याचा पाट, लावणीचे दिवस म्हणजे तो तुडुंब. घराच्या मधोमध चूल, तिच्यावर साखळीला टांगलेली किटली. मित्सुएला एका क्षणात दोन्ही दिसलं आणि मग ते डोळ्यांपुढून हलेनाच.

पोरीचा बाप कुणा दुसऱ्याच गायकाच्या दौऱ्यात ड्रम बडवत फिरत होता. मित्सुएला आयुष्यातली पहिली रेकॉर्ड मिळाली होती. ‘बाळ आणि माइक एका खोलीत नांदत नाहीत,’ असं रेकॉर्डिंग बघणारे कुसाका-सान पहिल्याच दिवशी हसत हसत म्हणाले होते. मग चिकाला दूर उत्तरेला, इवातेला आईकडे पोचवून येण्यावाचून दुसरं काय करणार होती ती?

तिने गावातल्या साकेच्या, तांदळाच्या दारूच्या, दुकानात फोन लावला. वाडीत फोन तेवढा एकच.

"कोण, मित्सु? अगं बाई, टोकियोची झालीस की गं, आवाजसुद्धा ओळखू येईना!" दुकानदारीण म्हणाली. "आई ना? शेतात आहे. लावणी चाललीय. थांब, हाक मारायला जाते. थोड्या वेळाने लाव परत."

"काकू, चिका कशी आहे? काकू?"

फोन ठेवला गेला होता.

"मित्सुए!" काचेपलीकडून कुसाका-सानचा आवाज आला. "ड्रमवाला घरी जायच्या आत एकदा घेऊन टाकू."

नऊ गाणी झाली होती. दहावं राहिलं होतं, आणि तेच तिचं खरं गाणं होतं: बर्फात अडकलेली बस, आत बसलेल्या, बाजाराला निघालेल्या बायका, त्यांच्या मांडीवर मुळ्यांच्या जुड्या. रेकॉर्ड कंपनीला ते नकोच होतं. असल्या बायकांच्या गाण्यावर कोण नाचणार, म्हणाले. ती तीन बैठका भांडली होती, तेव्हा कुठे शेवटचा दिवस पदरात पडला. उद्यापासून स्टुडिओ दुसऱ्या एका बड्या गायिकेच्या नावावर होता.

ती उभी राहिली. इनुइची विजेची गिटार किंचाळली, मागून ड्रम आले. दुसऱ्या कडव्यावर तिने बसऐवजी पाट म्हटलं.

"पाट कुठून आला?" कुसाका-सान म्हणाले. "बर्फ पडतोय ना बाहेर?"

"चुकलं. माफ करा."

पुन्हा. या वेळी आवाजच फुटेना. काल याच ओळीवर ड्रमवाला काठ्या खाली ठेवून नुसता ऐकत बसला होता.

"पाणी पी," कुसाका-सान म्हणाले. तेवढ्यात ती दाराबाहेर, फोनकडे पळालीसुद्धा.

"आई! चिका कुठाय?"

"पाठीवर हाय की. झोपलीय. काय झालं गं? चिखलाच्या पायांनी पळत आले मी!"

मित्सुए भिंतीला टेकली. "मग तू घाबरलीस कशाला?"

"कोण घाबरलं?"

"कोवाई म्हणालीस ना तू!"

तिकडे आई खो खो हसायला लागली. "ऐकलंत का वैनी! आमची मित्सु इचारते, घाबरलीस का म्हणून! आगं, कोवाई म्हणाले मी, कोवाई. इसरलीस व्हय?"

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्या गावात कोवाई म्हणजे भीती नव्हे. कोवाई म्हणजे दमले. अंगातलं सगळं त्राण जावं इतकी. सात वर्षं टोकियोत राहून तिने जिभेवरून गाव घासून घासून काढलं होतं, ते कानातूनही निघून गेलं होतं. लाज वाटली, हसूही आलं. आईबरोबर तीही हसली.

मग हसू थांबलं.

आई असं कधी म्हणतच नसे. शेजारणी म्हणत, आजी म्हणे, बाबा तर रोज घरात पाऊल टाकताना म्हणत. आई मात्र शेतातून आल्या आल्या तांदूळ धुवायला बसे. तीच आई भर लावणीत, पाठीवर पोर घेऊन, दुकानापर्यंत चालत जाऊन ते सांगून गेली होती.

"आई, मी येते."

"येडी का काय! बोलले आपली, निघालं तोंडातून. तू गा."

"येते मी."

कुसाका-सान कॉरिडॉरमध्येच उभे होते. "पोरगी बरी आहे ना?"

"हो."

"आई?"

"आई..." मित्सुए अडखळली. टोकियोच्या भाषेत सांगायला गेलं तर ते केवढंसं होत होतं. "आई दमलीय."

"दमलो तर आम्हीपण आहोत," मागून इनुइ म्हणाला. कुणी हसलं नाही.

"उद्या खोली आपली नाही, माहीत आहे ना?" कुसाका-सान हळू आवाजात म्हणाले. "रेकॉर्ड नऊ गाण्यांवर निघेल. कंपनी तर पेढेच वाटेल. तासभर दे मला. फक्त तासभर."

तासाभरानंतरही उएनो स्टेशनवरून गावाकडे गाडी होती. तिला ठाऊक होतं. त्या आवाजात ते गाणं होणार नाही, हेही ठाऊक होतं; आणि झालं असतं तरी आता ती थांबली असती की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ डोकं वर केलं नाही. मग आपली गिटार तिथेच ठेवून निघाली.

गाडीत तिने गाण्यातल्या बसवाल्या बायकांना मनातून हाकलायचा प्रयत्न केला. त्या काही उतरल्या नाहीत.

सकाळी ती अंगणात पोचली, तेव्हा आई भल्या पहाटेची लावणी उरकून परतली होती. घराच्या कडेच्या फळीवर बसून, खांबाला कपाळ टेकून ती झोपली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. पाठीला बांधलेली चिका टक्क जागी होती आणि आजीच्या खांद्यावरून कोंबड्यांकडे बघत होती.

मित्सुएने आईच्या छातीवरची गाठ सोडली. चिकाने तिच्याकडे पाहिलं, निरखून पाहिलं, आणि तोंड वाकडं करून असा टाहो फोडला की कोंबड्या पळाल्या.

आईने डोळे न उघडताच हात मागे नेला. "दे हिकडं. रडतीय ती."

"रडू दे. तू झोप."

"मित्सु? गाणं झालं?"

"झोप ना गं."

चिका लाथा झाडत होती, दोन्ही हात आजीकडे पसरून किंचाळत होती. मित्सुएने तिला घट्ट धरलं आणि अंगणात येरझारा घालायला लागली. कुठलंही गाणं तिला सुचलं नाही. ती नुसती "हो गं, हो गं" म्हणत राहिली. वळून पाहिलं तर आई फळीवरच आडवी झाली होती, चिखलाचे पाय तेवढे फळीखाली लोंबत ठेवून.