सर्वांत स्वस्त दलाल

लग्नाला होकार द्यायला घड्याळजींनी अर्धा तास घेतला होता. शेअर घेण्यासाठी ऑनलाइन दलाल निवडायला त्यांनी नऊ आठवडे घेतले. बायकोने हे एकदा बोलून दाखवलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा अनुभव नव्हता."

पैसे बायकोचे होते. घड्याळांच्या दुकानातच, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, ती शाळेचे गणवेश शिवायची. पलीकडच्या रस्त्यावरचा म्हातारा शिंपी दुकान बंद करणार होता आणि त्याचं ओव्हरलॉक मशीन विकायला काढलं होतं. कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून हे मशीन काठ बांधून देतं. ती तेच काम हाताने करायची आणि तिची बोटं संध्याकाळपर्यंत सुजायची. मशीनची किंमत होती पाचशे चहा.

घड्याळजी सगळे पैसे चहात मोजायचे. एका चहाला जेवढे पैसे पडतात, तो त्यांचा एक चहा. स्वतः चहा पीत नसल्यामुळे त्यांना हे माप परवडायचं.

बायकोकडे चारशे ऐंशी चहा साठले होते. अडलं होतं वीस चहांसाठी. तेवढे तिच्या भावाने हसत दिले असते. पण घड्याळजी म्हणाले, "मेहुण्यापुढे हात कशाला? पैशालाच कामाला लावतो. शिंपी थांबतोय ना शाळा उघडेपर्यंत?"

"थांबतोय. पण शाळा तुमच्यासाठी थांबणार नाहीत."

"मी कधी उशीर करतो का?" असं ज्या दुकानात त्यांनी विचारलं, तिथल्या फळीवर सतरा घड्याळं सहा महिन्यांपासून दुरुस्तीची वाट बघत होती.

मग शोध सुरू झाला. एका दलालाचं खातं फुकट, पण दरवर्षी ते चालू ठेवण्याचे पैसे. दुसऱ्याचं वर्षाचं फुकट, तर खातं उघडायचे पैसे. तिसऱ्याचं सगळंच फुकट, म्हणून घड्याळजींनी त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवला नाही. चौथ्याच्या मदत केंद्राला फोन करून त्यांनी विचारलं, "तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?" पलीकडची मुलगी म्हणाली, बाराव्या. घड्याळजींनी फोन ठेवला. "बाराव्या मजल्याचं भाडं गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातं," त्यांनी बायकोला समजावलं.

मेहुणा आला तेव्हा तर त्यांना कंठ फुटला. त्याचा दलाल जुन्या पद्धतीचा, शंभर चहांच्या व्यवहाराला अर्धा चहा दलाली घेणारा.

"शंभराला अर्धा? हा दरोडा झाला, दादा."

"माणूस चांगला आहे. वर्षाला एक डायरी देतो."

"त्या डायरीचे पैसे कोण भरतं, असं वाटतं तुम्हाला?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती. सुईच्या भोकाकडे तिने इतकं मन लावून पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी दलाल सापडला. त्याच्या ॲपवर स्पष्ट लिहिलं होतं: दर खरेदी-विक्रीला सरसकट एक चहा, मग शेअर एक घ्या नाहीतर हजार घ्या. घड्याळजींनी ते वाक्य कागदावर उतरवलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद भिंतीला लावला. ते वाक्य त्यांनी बहुधा तिसऱ्यांदाही वाचलं असेल. समजून घ्यायचं मात्र राहून गेलं.

कारण घड्याळजींचा धर्म एकच: एका वेळी एक स्क्रू. सगळे स्क्रू एकदम काढणारा घड्याळ उघडतो, बंद करू शकत नाही, असं ते म्हणत. याच शिस्तीने त्यांनी सायकलचे टायर बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. शेअरची किंमत तीन चहा. रोज सकाळी दुकान उघडलं, की डोळ्याला भिंग लावून ते एक शेअर घेत. मग दुसरा. असे दिवसाला सहा. बायको विचारायची, "सगळे एकदम का नाही घेत?" ते म्हणायचे, "घाई केली की स्प्रिंग उडते."

वीस दिवसांत पैसे संपले. पुढच्या पंधरवड्यात शेअर तीन चहांवरून साडेतीनवर गेला. घड्याळजी गल्लीभर ताठ मानेने फिरले.

शाळा उघडायला दोन दिवस उरले, तेव्हा बायकोने हात पुसले. "किती झाले?"

"चारशे वीस."

"दिले होते चारशे ऐंशी."

"बाजार आहे. खाली-वर होतच असतं."

"अहो, पण बाजार तर वर गेलाय."

तिने फोन घेतला आणि यादी वर सरकवत गेली. एक शेअर, तीन चहा, दलाली एक चहा. एक शेअर, तीन चहा, दलाली एक चहा. यादी संपायचं नाव घेईना. एकशे वीस शेअर आले होते आणि एकशे वीस चहा दलाल प्यायला होता. एकदम घेतले असते तर एकच चहा गेला असता, शेअर एकशे एकोणसाठ आले असते, आणि आज मशीन घेऊन वर पन्नासेक चहा उरले असते. दादाच्या दरोडेखोराने अडीच चहासुद्धा घेतले नसते.

"दलाल मात्र सर्वांत स्वस्तच निवडला होता," घड्याळजी हळूच म्हणाले.

"हो. गिऱ्हाईक महाग निघालं."

"बरं, आता विकायला घेतो. पहिला..."

तिने फोन त्यांच्या हाताला लागणार नाही असा धरला आणि एकशे वीसचे एकशे वीस शेअर एकदम विकले. एक चहा गेला. स्प्रिंग कुठेही उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं शिंप्याकडे गेली. त्याने पैसे मोजले. "एक्क्याऐंशी कमी आहेत, बाई."

"ह्यांच्या शिकवणीची फी भरावी लागली, काका."

शिंप्याने घड्याळजींकडे बघितलं, काय समजायचं ते समजला, आणि कोपऱ्यातला ढीग दाखवला. सत्तावीस जुने कोट होते. अस्तर उसवून द्यायचं होतं, तेही कापडाला धक्का न लागता. "माझी नजर गेली. एवढं करून दिलंत तर हिशेब फिटला. मशीन आजच न्या."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, पहिला कोट मांडीवर घेतला आणि चिमट्याने एक टाका उचलला. काम उत्तम होतं, याबद्दल दुमत नव्हतं.

"टाक्यामागे किती धरायचं?" त्यांनी विचारलं.

"कोटामागे तीन चहा," शिंपी म्हणाला. "मग टाके शंभर असोत नाहीतर हजार."

घड्याळजींनी एकदा टाक्याकडे आणि एकदा ढिगाकडे पाहिलं. मग चिमटा खाली ठेवून त्यांनी बायकोकडे कात्री मागितली.