बाबांनी लोनाट्स मागितलं

शनिवारी सकाळी माझ्या सासऱ्यांनी खिडकीतून बाहेर बघत एक वाक्य उच्चारलं आणि आमच्या घरात एकच धांदल उडाली. ते म्हणाले, "आज लोनाट्स केलंत, तर बसेन मी टेबलाशी."

मी कॉफीचं भांडं शेगडीवर जवळजवळ आदळलंच. सासूबाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या, त्या चिमटे हातात घेऊनच आत आल्या. माझा नवरा नियाझ अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून न्हाणीघरातून बाहेर आला. फेब्रुवारीत माझ्या सासऱ्यांना, हिल्मोबाबांना, न्यूमोनिया झाला, आणि आता सप्टेंबर लागला होता. ताप गेला, छाती साफ झाली, पण जाताना तो आजार वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पुढ्यात काहीही ठेवा, बाबा दोन घास चघळणार आणि म्हणणार, "ओला पुठ्ठा." तीस वर्षं काकान्यच्या खाणीत कोळसा फोडलेला माणूस, पण आता त्यांचा सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. चरबी अजिबात नको, हृदयाला ती झेपणार नाही. पण बिनचरबीचं बीफ, ताज्या भाज्या, मऊ शिजवून रोज पोटात जायलाच हव्यात. नाहीतर हा माणूस एक दिवस अंथरूण धरेल आणि मग उठायचा नाही.

"आत्ता करते बाबा! लगेच करते!" मी ओरडलेच.

"पूर्ण ऐकून घे, सूनबाई." ते खिडकीपासून वळले. "हा शेवटचा प्रयत्न. लोनाट्सलाही चव लागली नाही, तर पुन्हा मला जेवायला हाक मारायची नाही. कुणीच. रोज तुमच्यासमोर बसून पुठ्ठा चावायचा आणि तुम्ही तिघांनी माझ्या तोंडाकडे बघायचं, मला कंटाळा आलाय त्याचा." एवढं बोलून ते खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसरी एखादी घाबरली असती. पण मी मुळातच उतावळी. माझ्या डोक्यात वाक्याचा पहिला अर्धा भागच शिरला. बाबांनी मागितलं! सात महिन्यांत पहिल्यांदा तोंडाने काहीतरी मागितलं! मी झेनित्सा शहरात नणंदेला फोन लावला. "बेहिया, बाबांनी लोनाट्स मागितलं." पलीकडून फक्त "निघाले" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

लोनाट्स म्हणजे मडकं, आणि मडक्यात शिजतं तेही लोनाट्सच. आमच्याकडचे खाणकामगार खाली उतरण्याआधी घरून जे आणलं असेल ते एका मडक्यात थरांनी रचायचे, तोंड बांधायचे आणि निखाऱ्यांशेजारी ठेवून द्यायचे. वर आल्यावर सगळे मिळून उघडायचे. आमच्या घरीही ते कधी एकट्याने भरत नाहीत. प्रत्येकाचा हात लागला पाहिजे. एकदा तोंड बांधलं की ढवळायचं नाही, डोकवायचं नाही, चाखायचं नाही. मडकं उघडायचं ते टेबलावरच, आणि पहिला घास घरातल्या मोठ्याचा. माझ्यासारख्या बाईला हे सगळं किती जड जात असेल याची कल्पना करा.

आतिफ खाटकाच्या दुकानात मी रांग मोडून पुढे घुसले. "मांडीचं कोवळं बीफ दे. आणि चरबी सगळी काढ. एक धागा राहिला तरी परत आणीन."

आतिफने सुरा खाली ठेवला. "हिल्मोच्या घरी आज काय करताय?"

"लोनाट्स."

"बरगडी नको? मटणाचा तुकडा नको? चरबीशिवाय लोनाट्स? अहो वहिनी, ते मडकं आहे की दवाखाना?"

"दवाखान्यात जायला लागू नये म्हणूनच चाललंय. काढ मुकाट्याने."

त्याने तोंड वाकडं केलं, पण काढली. इतकी निगुतीने काढली की मांस लालभडक, स्वच्छ, नुसतं बघत राहावं. पिशवी हातात देताना त्याचा आवाज खाली आला. "खातो का आता काही?"

"आज खाणार," मी म्हणाले, आणि स्वतःच्याच खात्रीचं मला नवल वाटलं.

बाजारात तर मला वेडच लागलं होतं. सप्टेंबरात आमच्या बाजारात काय नसतं! लाल ढबू मिरच्यांचे ढीग, फुटायला आलेले टोमॅटो, देठाला अजून माती असलेली गाजरं, टपोरी फरसबी. कोबीचे गड्डे मी दाबून दाबून बघितले तेव्हा भाजीवाली वैतागली. "बाई, कोबी घेताय की नवरा पसंत करताय?" नवरा मी याच्या निम्म्या वेळात पसंत केला होता, असं मी तिला सांगितलं, आणि ते खरंच आहे.

घरी पोचले तर बेहिया आधीच हजर. तिने बागेतला सेलरीचा कंद आणला होता, पाल्यासकट, मुठीपेक्षा मोठा. भावाच्या घरात पाऊल टाकल्यावर मला टोमणा मारला नाही तर तिला अन्न पचत नाही. मी कोबी चिरायला घेतला तशी ती सुरू झाली.

"वहिनी, हा कोबी तू कापलायस की भांडण करून फाडलायस?"

"मोठे तुकडेच हवेत. तुझ्यासारखी बाहुल्यांची भातुकली नाही मांडायची मला."

"आई, बघ गं ही!"

"दोघी गप्प बसा आणि हात चालवा," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई, म्हणजे मुनेवेराबाई, आज वेगळ्याच झाल्या होत्या. गेले कित्येक महिने स्वयंपाकघरात त्या पाय ओढत वावरायच्या. केलेलं तसंच परत येतं हे बघून बघून त्यांचा हात मोडल्यासारखा झाला होता. आज त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या आणि पदर कमरेला खोचल्याच्या थाटात एप्रन आवळून बांधला होता.

तळाशी मांसाचा थर त्यांनी लावला. मुठीएवढे तुकडे, जवळ जवळ. त्यावर बेहियाने सेलरी, गाजर आणि अख्खे छोटे कांदे रचले. मग माझा कोबी, बटाटे, फरसबी. लसणाचे गड्डे सोलायचे नसतात, तसेच अख्खे घालायचे. मिऱ्यांचे दाणे, तमालपत्र. मग पुन्हा मांस, पुन्हा भाज्या, सगळ्यांत वर टोमॅटो. वर चमचाभर सिरका आणि थंड पाणी. तेलाचा थेंब नाही, लोण्याचा कण नाही. मडकं भरलं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं की मी नियाझला ओढत आणलं. "बघ, बघ एकदा!"

"बघितलं. आता मी काय करू?"

"तुझा हात कुठे लागलाय? कागद बांध."

त्याने जाड कागद ओला केला, मडक्याच्या तोंडावर ताणला आणि सुतळीने असा आवळला की सुतळीच तुटली. दुसऱ्यांदा बेहियाने गाठ धरली. मग झाकण ठेवलं आणि मडकं लाकडावर पेटणाऱ्या शेगडीच्या भट्टीत मंद आचेवर गेलं.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. देवा! मी टेबल पुसलं. पुन्हा पुसलं. थाळ्या मांडल्या, उचलल्या, चांगल्या थाळ्या काढून पुन्हा मांडल्या. भट्टीजवळून दहा वेळा गेले. शेवटी सासूबाई खुर्ची घेऊन भट्टीच्या दाराशीच बसल्या.

"नुसतं बघते, आई. झाकणही नाही काढत."

"झुम्रा, हात लावशील तर हात मोडेन तुझा."

दुपार कलली तसा वास सुटला. आधी सेलरीचा, मग लसणाचा, मग त्या सगळ्याखालून मांसाचा गोडसर, खोल वास. समोरच्या घरातला रामो बाल्कनीत आला आणि तिथूनच ओरडला, "मुनेवेरा! कुणाचं लग्न काढलंत? इकडे आमच्या पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केलीय!"

मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या. मी हळूच जाऊन बाबांच्या खोलीचं दार थोडं उघडलं, की वास आत जावा.

आतून शांत आवाज आला. "दार उघडं ठेवून उपयोग नाही, सूनबाई. मला काही येत नाही."

तेव्हा, त्या दारात, वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या डोक्यात शिरला. रामोच्या घरापर्यंत पोचलेला वास इथे चार पावलांवरच्या माणसापर्यंत पोचत नव्हता. मडकं कितीही झकास झालं तरी काय? संध्याकाळी हा माणूस टेबलावरून उठेल आणि परत कधी बसणार नाही, आणि ते मडकं मीच उत्साहाने त्यांच्यापुढे ठेवलेलं असेल. पण आता मागे फिरायला जागा नव्हती.

बाबा सदरा बदलून, केस विंचरून आले. तेवढ्यानेच सासूबाईंचे डोळे भरले. नियाझने मडकं टेबलाच्या मधोमध ठेवलं, सुतळी कापली, कागद उचलला. वाफेने बेहियाचा चष्मा पांढरा झाला. सगळे थर जसेच्या तसे, टोमॅटो मऊ होऊन कोबीवर लोळलेले, आणि खाली रस असा स्वच्छ की त्यावर चरबीचा एक ठिपका नाही. सासूबाईंनी बाबांची थाळी खालपासून वरपर्यंत सगळं घेऊन भरली.

बाबांनी मांसाला चमचा लावला तसं ते आपोआप सुटलं. त्यांनी घास घेतला. चघळला. गिळला. चेहऱ्यावर काहीच नाही. दुसरा घास घेतला.

"खा तुम्ही," ते म्हणाले. "माझ्या तोंडाकडे बघू नका."

आम्ही घाईघाईने चमचे उचलले. मी पहिला घास तोंडात घातला आणि चावायचीच थांबले.

मीठ नव्हतं. कमी नाही, नव्हतंच! मी बेहियाकडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती, गाल फुगवून. नियाझ पाण्याच्या पेल्याकडे हात नेता नेता थांबला होता. सासूबाईंनी टेबलाखालून माझी मांडी चिमटीत धरली. आणि मग मला कळलं. मडकं भरून झालं की मीठ नेहमी बाबाच घालायचे. सगळ्यांचे हात बाजूला करून, वरून, मूठ फिरवत. आज ते खोलीत होते आणि आमच्या चौघांपैकी एकाच्याही मनात ते आलं नाही, कारण ते कधी आमचं काम नव्हतंच.

नियाझने मला डोळ्यांनी खुणावलं: गप्प बस. ज्याला चवच नाही त्याला मीठ काय आणि माती काय. खाऊ दे त्यांना सुखाने. आम्ही चौघं खाली मान घालून ते खात राहिलो.

बाबांनी तिसरा घास घेतला. थांबले. चमचा थाळीच्या कडेला ठेवला. भुवया आक्रसल्या.

"हे अळणी आहे," ते म्हणाले.

नियाझचा चमचा थाळीत पडला आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"अळणी आहे! मीठ कुणी घातलंय यात? चार धडधाकट माणसं घरात, आणि मडक्यात मीठ नाही? मुनेवेरा, चाळीस वर्षं चूल फुंकलीस ना तू? काय झालंय काय तुम्हाला? असे काय बघताय?"

"बाबा," बेहियाचा आवाज फुटत होता. "ते गाजर... गाजर कसंय?"

त्यांनी रागाने गाजर तोंडात टाकलं. "गोड आहे. गाजर गोडच असणार. आणि हा कंद..." ते कंद चावत राहिले, मग चावणंही थांबलं. "तुझ्या बागेतला का गं हा?"

बेहियाने होकाराची मान हलवली.

बाबा आमच्याकडे एकेक करून बघत गेले. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. रडणं वगैरे त्यांना जमत नाही, ओरडणं जमतं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, थाळी हातात घेतली आणि तरातरा बाल्कनीत गेले. सात महिन्यांत मी त्यांना इतक्या झपाट्याने चालताना पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे मागोमाग.

"रामो! ए रामो! बाहेर ये!"

रामो तोंड पुसत बाहेर आला. "काय झालं? काय पेटलं?"

"हे बघ! हे बघ माझ्या घरात काय चाललंय! लोनाट्स केलंय, दिवसभर शिजवलंय, आणि मीठ नाही! अळणी! पाणचट! लाज आहे की नाही या घराला?"

खालून जाणारे दोघं-तिघं थांबले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. बाबा थाळी उंच धरून सगळ्या गल्लीसमोर आमची अब्रू काढत होते आणि मधेमधे चमच्याने खातही होते.

"अरे मग घाल की मीठ वरून!" रामो ओरडला. "एवढा आरडाओरडा कशाला?"

"ओरडू दे त्याला!" सासूबाई बाबांच्या मागून ओरडल्या. त्यांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या आणि त्यांनी बाबांचा सदरा पाठीवर मुठीत घट्ट धरला होता. "ओरडू दे, रामो! अजून ओरड, हिल्मो! मोठ्याने सांग सगळ्यांना!"