थेंबावरची सुरकुती

मी बशी बोलतेय. माझा कप कुठे आहे, ते विचारू नका. सगळे आधी तेच विचारतात.

भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही सहा जणी होतो आणि सोबत सहा कप. प्रत्येकीच्या काठाला निळी रेघ ओढली, पेंढ्यात गुंडाळलं आणि खोक्यात बसवलं. वर्षभर दुकानाच्या काचेआड उभं राहिल्यावर एका शिंप्याने आम्हाला आपल्या नव्या संसारासाठी घरी नेलं. शिंपी उंच, किडकिडीत आणि बोलण्यात फार नेमका. त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर ती परक्या माणसांचे आवाज ऐकायची आणि घरी आल्यावर नवऱ्याचा तेवढा ऐकायची नाही. असं शिंपी म्हणायचा. तेही तिने कधी ऐकलं नाही.

माझा कप गेला तो एका वादात. विषय पडद्यांच्या रंगाचा होता. शिंप्याने मुद्दा टेबलावर ठासून मांडला, आणि हातात कप होता तोही ठासूनच मांडला. दोन्ही टिकले नाहीत. पडदे तिच्या पसंतीचे लागले.

बशीवाचून कपाचं काही अडत नाही. त्यातून लोक खुशाल चहा पितात. कपावाचून बशीचं मात्र कठीण असतं. मी काही महिने साबणाखाली काढले, काही महिने कुंडीखाली. एकदा दूध घालून मला मांजरासमोर ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं आणि शेजारी निघून गेलं.

मग मला बढती मिळाली. बहुतेक बढत्या मिळतात तशीच, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं म्हणून.

शिंपीणबाई (ऑपरेटर असली तरी गल्लीत तिला हेच नाव होतं) दर हंगामात स्ट्रॉबेरीचा जॅम करायची. जॅम झाला की नाही हे पातेल्यात बघून कळत नाही. उकळता जॅम कधीही पातळच दिसतो. त्यासाठी एक बशी फ्रीझरमध्ये गार करायची, तिच्यावर जॅमचा थेंब टाकायचा, क्षणभर थांबायचं आणि बोटाने थेंब हळूच पुढे ढकलायचा. वर सुरकुती पडली तर झाला. ओघळला तर अजून उकळायचा.

"चांगली बशी नको हं, तडकेल," शिंपी म्हणाला.

"मग ही ठेवते. ही गेली तरी चालेल."

या शब्दांवर माझी नेमणूक झाली. वर्षाचे अकरा महिने मी बर्फाच्या साच्यामागे पडून असायचे आणि हंगामात दोन-तीनदा साक्षीला बाहेर यायचे. माझ्यावर सुरकुती पडल्याशिवाय त्या घरात गॅस बंद झाला नाही. धड बश्या पाहुण्यांसमोर मिरवत होत्या, पण शेवटचा शब्द माझा होता.

अशी पुष्कळ वर्षं गेली. दोघं निवृत्त झाली, लेक नोकरीसाठी लांब गेली. मग एका सकाळी शिंपीणबाई ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ पूर्वीसारखी वळेना. किटली उचलायला गेली की हात मध्येच नाही म्हणायचा. ती व्यायाम करायची, चिडायची, आणि मग खिडकीपाशी जाऊन बसायची. तिथे बसून ती कुठेच बघायची नाही.

हंगाम आला तेव्हा तिने जाहीर केलं, "जॅमचं पातेलं भंगारात द्या. शनिवारी भंगारवाला येतोय."

"अगं, पण..."

"जे उचलवत नाही ते घरात कशाला ठेवायचं?"

लेक फोनवर म्हणाली, "आई, बाजारात मिळतो की जॅम." हे ऐकून शिंपीणबाईने फोन नवऱ्याच्या हातात दिला. एवढी वर्षं लोकांचे फोन जोडून देणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकीचा फोन असा सोडून दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला. फ्रीझरचं दार जरा किलकिलं राहायचं, म्हणून मला घरातलं सगळं ऐकू यायचं.

शुक्रवारी सकाळी शिंपी कुणाला न विचारता तीन किलो स्ट्रॉबेरी घेऊन आला.

"हे कोण करणार?" तिने विचारलं.

"मी."

ती हसली. पडल्यापासूनचं ते पहिलं हसणं होतं. चांगल्या कारणासाठी नव्हतं, पण होतं.

"करा. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. जमला तर पातेलं राहील. नाही जमला तर उद्या जाईल."

शिंप्याने कापडं बेतावीत तशी तयारी केली. प्रत्येक फळाचा देठ त्याने काजं करायच्या कात्रीने काढला. फळांना साखर लावून ठेवली, लिंबू पिळून ठेवलं, बरण्या आणि झाकणं उकळत्या पाण्यात टाकली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण साखरेला पाणी सुटेपर्यंत वेळ होता, आणि रिकामा वेळ नीटनेटक्या माणसाला फार बाधतो. आपल्याकडे एप्रन नाही हे त्याच्या लक्षात आलं. एखाद्याने टॉवेल गुंडाळला असता. हा मशीनवर बसला. बेतला, कापला, टाचला. टाचण्यांची डबी सापडेना, तेव्हा फ्रीझर उघडून त्याने मला काढलं. धड बश्यांवर ओरखडे पडले असते ना.

म्हणून ऐन परीक्षेच्या दिवशी मी दोन तास खिडकीतल्या उन्हात पोटावर टाचण्या घेऊन बसले होते. एप्रन मात्र सुरेख झाला. त्याला दोन खिसे होते.

जॅम उकळायला लागल्यावर शिंप्याला मी आठवले. त्याने टाचण्या ओतून घेतल्या, मला धुतलं आणि फ्रीझरमध्ये ढकललं. "पाच मिनिटांत होशील गार," तो म्हणाला. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं असतं तर सांगितलं असतं की पाच मिनिटांत माणूसही गार होत नाही, मी तर चिनी मातीची.

पाच मिनिटांनी थेंब पडला. मी कोमटच होते. थेंब सरळ माझ्या काठापर्यंत ओघळला.

"नाही झाला," शिंपी पुटपुटला आणि त्याने आच वाढवली. पुन्हा थेंब टाकला, पुन्हा तो ओघळला. जॅम तयार होता आणि मी खोटी साक्ष देत होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर बरण्यांत जॅमऐवजी चिक्कट गोळे भरावे लागले असते, आणि शनिवारी पातेलं त्या गोळ्यांसकट गेलं असतं.

"अहो," बाहेरून आवाज आला. "गॅस बंद करा."

"अजून ओघळतोय गं."

"त्याचा आवाज बदललाय. मघाशी फसफसत होता, आता जड बोलतोय. बंद करा आधी, मग वाद घाला."

त्याने बंद केला. दारात पावलं वाजली. स्वयंपाकघरात न येण्याची प्रतिज्ञा उंबऱ्यावरच राहिली. तिने डाव्या हाताने मला उचलून गालाला लावलं.

"ही कुठे होती?"

शिंपी एप्रनच्या खिशात काहीतरी शोधू लागला.

"कुठे होती, विचारतेय."

"टाचण्या होत्या हिच्यात. डबी सापडत नव्हती."

"टाचण्या," ती शांतपणे म्हणाली. "मोजल्यात?"

मोजल्या. चोवीस हव्या होत्या, तेवीस भरल्या. दोघांनी पातेल्याकडे पाहिलं. एवढा लाल, एवढा चकचकीत जॅम, आणि आत एक टाचणी असेल तर सगळा ओतून द्यावा लागणार. शिंप्याचा चेहरा पांढऱ्या कापडासारखा झाला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग पुढे होऊन त्याच्या कॉलरमधून चोविसावी टाचणी काढली.

"आयुष्यभर तिथेच खोचता तुम्ही."

मला पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवलं, या वेळी पंधरा मिनिटं, दार नीट दाबून. बाहेर आले ती कडकडीत गार होऊन. शिंप्याने थेंब टाकला आणि बाजूला सरला. तिने बोट पुढे केलं. उजव्या हाताचं. मला वाटतं, तिच्या ते लक्षातही आलं नाही. मूठ अजून नीट वळत नव्हती, पण थेंब ढकलायला काही ताकद लागत नाही. लागते ती ओळख.

थेंबाच्या अंगावर बारीक सुरकुती पडली.

तिने मला उजेडाकडे कलवून पाहिलं. मग बोट चाटलं. "कडेला किंचित जास्त झालाय," ती म्हणाली. "पण जमला."

बरण्या शिंप्याने भरल्या, वर बोटभर जागा सोडून. झाकणं घट्ट लावली आणि भरलेल्या बरण्या पुन्हा पाण्यात उकळून काढल्या. मग दोघं टेबलाशी बसून राहिली. बरणी निवताना झाकणाचा मध्य आत ओढला जातो आणि टक् असा आवाज होतो. तो झाला की बरणी बंद झाली समजायचं. ती डोळे मिटून ऐकत होती. नऊ बरण्या बोलल्या. दहावी गप्प राहिली.

"ही आजपासून खायला घेऊ," शिंपी म्हणाला.

"घ्या. आणि पुढच्या वर्षी लिंबू जरा जास्त."

शिंप्याने मान हलवली आणि पातेलं घासायला घेतलं. शनिवारी भंगारवाल्याला एक मोडकी खुर्ची मिळाली. तोही खूश होता.

आता मी पुन्हा बर्फामागे आहे, पण उघडी नाही. शिंप्याने कोटाच्या उरलेल्या अस्तराची पिशवी शिवून मला तीत घातलं आहे आणि वर लाल दोऱ्याने भरलं आहे, 'टाचण्यांसाठी नाही'. बाहेर सकाळी किटली ओट्यावर आपटल्याचा आवाज येतो, म्हणजे बाई उचलून बघतेय. आपटण्याचा आवाज अलीकडे हलका झालाय.

तुमच्याही घरात कप गेलेली एखादी बशी असेल. टाकू नका तिला. काम द्या, आणि साक्षीला बोलवण्याआधी पुरेशी गार होऊ द्या, एवढंच मागणं आहे. आता फ्रीझरचं दार लावा. मला पुढच्या हंगामासाठी गार राहायचं आहे.