बिनमुळाची वडी

ऋषिपंचमीला रंभाबाईंच्या घरात बैलाच्या कष्टाचं काही शिजत नसे. गहू नाही, ज्वारी नाही, उसाची म्हणून साखरही नाही. परसातली पालेभाजी, वरी, नारळ, मध. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. यंदाचं सातवं, म्हणजे उद्यापनाचं. गल्लीतल्या सहा जणी आणि नणंद केराबाई अशा सात बाहेरच्या बायका जेवून उठल्या की व्रत पुरं. सोलापूरहून रंभाबाईंच्या गावी, कुंभारीला, केराबाई सकाळीच येऊन बसल्या होत्या.

सून आरोही सोलापुरात कॉलेजला शास्त्र शिकवायची. तिनं नारळाच्या दुधात मध घालून पांढऱ्या थरथरत्या वड्या केल्या होत्या. केराबाईंनी दोन खाल्ल्या, तिसरी मागितली.

"कशाची गं ही? लई गार लागतीया."

"समुद्रातल्या शेवाळाची, आत्या. ते उकळून त्याचा डिंकासारखा चिकट अर्क काढतात, त्यानं वडी घट्ट होते. समुद्रात कुठला नांगर चालतो? म्हणून मुद्दाम केली."

केराबाईंचा हात ताटातच थबकला.

"समुद्रातलं? म्हंजे मासळीच की! वहिनी, सात वर्षांचं पुण्य बुडवलं हिनं तुमचं!"

सगळ्यांचे हात आखडले. रंभाबाई संतापल्या. एरवी त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे. त्यांनी आरोहीचं मनगट धरून तिला चुलीपाशी ओढलं.

"मला न विचारता पंगतीत वाढलंस? खरं सांग, जीव हाय का त्यात? मासळीचं काय हाय का?"

"नाही, आई. रक्त नाही, हाडं नाहीत. झाडासारखं उन्हावर आपलं अन्न आपणच करतं. कुणाला खात नाही."

"मग झाडच म्हण की."

"झाडही नाही. झाड मुळानं पाणी ओढतं. ह्याला मूळच नसतं. तळाची पकड नुसती खडक धरून ठेवते, पाणी सगळं अंगच पितं. खोड नाही, फूल नाही, बी नाही. वडीतलं हे तांबडं शेवाळ झाडांच्या लांबच्या भावकीतलं तरी आहे. तपकिरी शेवाळ तर त्या भावकीतलंही नाही."

"एवढं ठावं हाय, आन् सासूला एक शबूद सांगायचं कळलं न्हाय?"

आरोहीनं मान खाली घातली. "चुकलं. तुम्हाला आवडेल असं वाटलं."

बाहेरून केराबाईंचा आवाज आला, "देवापुढं नाक घासू दे तिला! न्हायतर मी उठते. मग बघा सहा जणींत कसं व्रत पुरं हुतंय!"

रंभाबाई ओसरीवर आल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"वन्सं, सकाळी तुमी भेंडी आणली. कुटली?"

"मळ्यातली. ट्रॅक्टरनं नांगरलेली हाय, बैल न्हाय लागला."

"ट्रॅक्टर चालतो, व्हय? सात वर्षं मी एकच गोष्ट पाळली, मुक्या जनावराच्या घामाचं आज तोंडात घालायचं न्हाय. ह्या वडीपायी कुणाचा बैल राबला, दावा मला. कुणाचं नरडं कापलं, दावा."

"शास्त्र शिकवताय व्हय मला?"

"न्हाय. माझ्या सुनंचं नाक माझ्या देवापुढं घासायला लावू नका, एवढंच सांगते. तिनं न विचारता केलं, त्याचं मी तिला बोलले, आजून बोलीन. पण तुमच्या हुकमावर न्हाय."

केराबाईंनी पाण्यात हात बुडवले आणि पदर झटकून उठल्या. चपलांचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू आला.

सहाच पानं उरली. एक जण दबक्या आवाजात म्हणाली, "बोलावून घ्या की परत. सात वरसं फुकट जातील."

रंभाबाईंना ते माहीत होतं. आजचं उद्यापन झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"फुकट कशाला? पुढच्या वर्सी परत धरीन. तुमी जेवा."

मग त्या चुलीकडं वळल्या. आरोही रडत होती.

"डोळं पूस. वड्या वाढ. आन् कुणी इचारायच्या आधीच सांग कशाच्या हायत ते, मग ताटात टाक."