इस्त्रीने प्यायलेलं पाणी

मित्रांनो, माझ्या पोटाला दोन पोचे आले आहेत, मूठ एका बाजूने ढिली झाली आहे आणि झाकण तर कधीच हरवलं आहे. तरीही मी जग आहे. पाण्याचा, स्टीलचा, चांगला तीन लिटरचा जग.

माझा जन्म एका गोल चकतीतून झाला. यंत्राने मला दाबून दाबून उभं केलं, एका कारागिराने मूठ बसवली आणि इतकं घासलं की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. मालकीणबाईंनी शिवणखोली सुरू केली, त्याच दिवशी मला विकत आणलं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आठ शिलाई मशिनं, एक कापणीचं टेबल, एक इस्त्रीचं टेबल, आणि मधोमध स्टुलावर मी. सगळ्या जणी माझ्यातलंच पाणी पीत. कुणी आत डोकावून म्हणे, "बघू, जगात काय शिल्लक आहे?" आणि खोलीभर हसू पसरे. ते माझे चांगले दिवस.

मग प्रत्येकीची बाटली आली. मशिनं पाचच उरली, स्टूल कुणीतरी बसायला घेतलं आणि माझी रवानगी खिडकीत, इस्त्रीशेजारी झाली. वाफेच्या इस्त्रीत पाणी ओतणं एवढंच माझं काम उरलं. वाईट वाटलं, पण काम ते काम.

या खोलीत एक ताई होती. काजं करायची आणि बटणं लावायची, म्हणून सगळ्या तिला काजवाली म्हणत. हात असा की तिचं काज उलटं केलं तरी सुलटच वाटावं. बोलायची कमी आणि पाणी प्यायची त्याहून कमी. त्याला कारण होतं. इमारतीत संडास एकच, तोही तळमजल्यावर, आणि त्याची किल्ली मालकीणबाईंच्या कात्रीच्या डब्यात. उठायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं, किल्ली मागायची, तीन जिने उतरायचे आणि चढायचे. बाई तशा वाईट नव्हत्या. पण काम अडलं की भुवया वर करून म्हणायच्या, "आत्ताच तर जाऊन आलीस!" त्या एका वाक्याच्या धाकाने काजवालीने अकरा वर्षं तहान मारली होती.

आणि एके दिवशी तिच्या मशिनवर ती बाटली आली.

मित्रांनो, खरं सांगतो, ती पाहून माझा जळफळाट झाला. आरपार दिसणारी, निळ्या झाकणाची, अंगावर तासांच्या खुणा. नऊ वाजता इथपर्यंत, अकरा वाजता इथपर्यंत, एक वाजता तळ. काजवाली तिच्याकडे अशी सारखी बघायची, जसं माझ्याकडे कधीच कुणी बघितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या नवऱ्याचा फोन येई. ती खिडकीत येऊन हळू आवाजात बोले, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं, आता डॉक्टरांकडे उपचार सुरू व्हायचे होते. आधी तपासण्या, मग इंजेक्शनं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दिवसभर थोडं थोडं करून ही बाटली दोनदा संपवायची.

"हो रे, प्यायले," ती फोनवर सांगे. "अकराच्या खुणेच्या खाली गेलंय बघ."

गेलं होतं खरं. पण कुठे, ते मी पाहत होतो. इस्त्रीजवळ कुणी नसलं की ती बाटली घेऊन यायची आणि गपचूप इस्त्रीच्या टाकीत ओतायची. काज करणारी बाई इस्त्रीला पाणी पाजत होती! मला मात्र त्यात एवढंच दिसलं, की माझं उरलंसुरलं कामही त्या निळ्या झाकणाच्या सटवीने पळवलं. मी कोरडा ठणठणीत पडून राहिलो. ती बाई कोरडी पडत चालली आहे, हे माझ्या ध्यानीही आलं नाही. हेव्याने डोळे असे बांधले जातात.

हेवा काजवालीलाही होता. समोरच्या मशिनवर तुरपाई करणारी पोरगी बसायची, वयाने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तिला सहावा महिना लागला होता. तहान लागली की ती बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायची, तासाभरात किल्लीसाठी हात पुढे करायची आणि मालकीणबाई हसून म्हणायच्या, "जा बाई, सावकाश जा. कठड्याला धरून उतर." त्या वेळी काजवालीची सुई थांबायची. ती धाकटीच्या पोटाकडे बघत नसे, हातातल्या किल्लीकडे बघे.

पुढे काजवाली रक्त तपासायला गेली, तेव्हा तीन ठिकाणी सुई टोचूनही शीर सापडेना. ते ती खिडकीत उभी राहून नवऱ्याला सांगत होती. "नर्स म्हणाली, अहो, पाणी पिता की नाही? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात पाणी नसेल तर इंजेक्शनं सुरू करायची नाहीत, सोमवारी बघू... नाही रे, पिते मी. पिते म्हटलं ना!"

त्याच दुपारी इस्त्री ओसंडली. टाकीत मावेना एवढं पाणी झालं होतं. गरम पाणी भसकन एका रेशमी कोटावर सांडलं आणि त्याच्या पाठीवर ताटाएवढा डाग उमटला.

"कोण ओततंय एवढं पाणी?" मालकीणबाई कडाडल्या.

काजवाली पांढरीफटक पडली. तेवढ्यात धाकटी उठली. "मीच ओतलं, बाई. लक्ष नव्हतं माझं."

बाईंचा आवाज लगेच खाली आला. "असू दे. बस तू. धुऊन निघेल." आणि त्या कोट घेऊन खाली धोब्याकडे गेल्या.

काजवालीने उपकार मानायला हवे होते ना? ती उठून धाकटीवर धावून गेली. "कशाला मध्ये पडलीस? तुला सगळं माफ असतं म्हणून?"

"ताई, मी रोज बघते तुला ओतताना..."

"बघतेस ना? मग हेही बघ! तू मागितलीस की हसून किल्ली मिळते. मी मागितली की सगळ्या खोलीला कळतं. तुला न मागता मूल मिळालं. मला त्यासाठी साधं पाणी प्यायचंय, तेही जमत नाही!"

खोलीतली सगळी मशिनं थांबली. एवढी वर्षं पोटात दडवलेलं एका दमात बाहेर पडलं होतं. काजवालीने तोंडावर पदर घेतला आणि माझ्या शेजारी खिडकीला टेकून उभी राहिली.

धाकटी तिच्याजवळ आली. मग म्हणाली, "मला तासातासाला जावंच लागतं. तू माझ्याबरोबर चल."

"बाई विचारतील."

"सांगीन, जिन्यात एकटीला चक्कर येते. खोटं नाही काही, परवा आली होती."

त्या दिवसापासून दोघी जोडीने जिने उतरू लागल्या. धाकटी प्यायली की काजवाली प्यायची, नको असलं तरी, औषधासारखं डोळे मिटून. एकदा मळमळून उलटी झाली, तोंड धुऊन ती पुन्हा प्यायला बसली. दुपारपर्यंत बाटली संपे आणि दुसऱ्यांदा ती माझ्यातून भरली जाई. धाकटीने आतून घासून मला पुन्हा स्टुलावर ठेवलं होतं. बाटलीवरचा माझा राग गेला असं नाही, पण तिच्यात धार सोडताना माझा हात कधी आखडला नाही.

सोमवारी पहिल्याच सुईला शीर सापडली. इंजेक्शनं सुरू झाली. मालकीणबाईंना सगळं समजलं, तेव्हा त्यांनी किल्ली डब्यातून काढून दाराजवळ खिळ्याला लावली.

उपचार मात्र त्या खेपेला लागू पडला नाही. काजवाली पंधरा दिवसांनी कामावर आली, ती सुजलेले डोळे घेऊन. आणि थोड्याच महिन्यांत धाकटी बाळाला दाखवायला खोलीत आली. सगळ्या धावल्या. काजवाली मशिनवरून उठली नाही. धाकटी स्वतःच तिच्यापाशी गेली.

"मला हेवा वाटतो गं तुझा," काजवाली खाली बघत म्हणाली. "आजही. खूप."

"वाटू दे," धाकटी म्हणाली. "पण याला जरा धर ताई, माझे हात भरून आलेत."

काजवालीने बाळाला घेतलं. आधी अवघडून, मग नीट, मानेखाली हात देऊन. पुढच्या महिन्यात तिचे उपचार पुन्हा सुरू होणार आहेत. आता ती न चुकता पाणी पिते.

मित्रांनो, हेवा कुणाला चुकत नाही. पण तो साचू देऊ नका, ज्याचा वाटतो त्याच्यापाशी बोलून मोकळे व्हा. आणि तुमच्या घरी एखादा जुना जग असेल, तर आठवड्यातून एकदा आत हात घालून त्याचा तळ घासा. वरून आम्ही सगळेच चकचकीत दिसतो.