शेवटचं ताट

“आदी घरच्यांना वाड, मंग तू,” आई सांगायची. हिराच्या हाताला तेच वळण लागलं. नवरा जानू बोईसरजवळच्या नवापूरच्या समुद्रात बुडाला, तेव्हाही रडायला आलेल्यांना तिनेच चहा दिला. स्वतः रडली नाही. वर्ष झालं, आत काही हलतच नव्हतं.

बोईसरच्या ध्यानवर्गात प्रतीक्षाताई म्हणाल्या, “डोळे मिटा. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं.”

हिराने पुटपुटत पोरांचं चिंतलं, सासूचं, होडीचंही.

“आणि हिराचं?”

“वाडता वाडता टोप रिकामा झाला, ताई.”

शेजारीण हसली. ताईंनी हिराचाच हात उचलून तिच्या छातीवर ठेवला. हाताला सुक्या बोंबलांचा वास होता. हिरा म्हणाली, “जानू माजा पन होता.”