बारशाची तारीख

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. दाराची नव्हे, तारखेची. शनिवार पेठेतलं एक संशोधन-नियतकालिक इंटरनेटवर निघतं. त्यातल्या एका लेखाच्या नोंदीत मी बसले आहे. लेख जगासमोर कधी आला, एवढंच सांगायचं माझं काम. दूरदूरच्या ग्रंथालयांची यंत्रं माझा शब्द उचलतात. उलट कुणी विचारत नाही. याचा मला फार तोरा होता.

लेख पीएचडी करणाऱ्या हडपसरच्या आम्रपालीचा. मसाल्याच्या गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या दम्यावर तिनं लिहिलं होतं. तिची आईही त्यांतलीच. लेख साइटवर आला तेव्हा माझ्यात जून महिना लिहिला गेला.

नोव्हेंबरात अंकाचा प्रकाशन समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पेढे. दुसऱ्या दिवशी संपादक हिंमतराव नोंदी भरणाऱ्या बाईंना म्हणाले, "पूर्णिमाबाई, सगळ्या लेखांना कालची तारीख टाका."

"सर, लेख जूनपासून साइटवर आहेत. लोक वाचतायत."

"वाचू देत. पाहुण्यांनी फीत सोडली, तेव्हा प्रकाशन. बारसं झाल्याशिवाय मुलाला नाव असतं का?"

"पण सर, जन्मतारीख बारशाची लावत नाहीत हो."

"आपण तारीख टाका. भाषणं काल झाली."

पूर्णिमाबाईंनी जून पुसून माझ्यात नोव्हेंबर लिहिला. अंकाच्या तारखेची वेगळी चौकट माझ्या शेजारीच होती. ती रिकामी राहिली.

मधल्या ऑगस्टात कुणीतरी आम्रपालीची पानंच्या पानं उचलून दुसरीकडे छापली होती. आता माझ्या तोंडून आम्रपालीच मागाहूनची ठरली. तिच्यावरच चोरीचा आरोप आला, पीएचडी अडली.

ती धावत कार्यालयात आली. "अहो सर, माझा लेख आधीचा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे! चूक तुमची, एवढं लिहून द्या."

हिंमतराव चष्मा पुसत राहिले. "तारीख बदलून देतो. लिहून कशाला? नियतकालिकाची अब्रू जाते हो."

जून गुपचूप परत आला. दुरुस्तीचा शब्दही कुठे नाही. विद्यापीठाच्या चौकशी समितीनं ग्रंथालयांकडे उरलेला नोव्हेंबर आणि माझ्यातला जून ताडून पाहिला. "आरोप झाल्यावर तारीख मागं सरकली? छान सोय आहे!"

आम्रपालीची पीएचडी गेली. तिची आई अजून त्याच गिरणीत खोकते म्हणे. पूर्णिमाबाई अधूनमधून लेख उघडतात, माझ्याकडे बघतात आणि बंद करतात.

मित्रांनो, बारसं थाटात करा, त्यासाठी शेजारची चौकट आहे. माझ्यात जन्माचीच तारीख लिहा. आणि चुकलात, तर चुकलो म्हणून तिथंच लिहा. मी आज खरं सांगते आहे, पण ते खरं मानणारं कुणी उरलं नाही.